पत्थरगट्टीला नेलेल्या बारा छागली

हैदराबादेहून येऊन दोन महिने होत आले. बीडच्या बाजारात भेटेल तो विचारतो, "मास्तर, पत्थरगट्टी पाहिली का?" पाहिली. चार दिवस त्याच रस्त्यावर होतो. चारमिनार दोनशे पावलांवर, पण तो नीट पाहायचा राहूनच गेला. लोकांनी फार खोदून विचारलं की मी अत्तराचं आणि मोत्यांचं काहीबाही सांगतो आणि छत्री उचलून चालू लागतो. पुण्याच्या एका मासिकवाल्या स्नेह्यांनी राजधानीचं वर्णन लिहून मागितलं म्हणून लिहायला बसलो आहे. त्यांना रस्त्याचं वर्णन हवं आहे. ते देतो, पण मला त्या रस्त्याबरोबर आणखीही एक गोष्ट सांगायची आहे.

बीडची छागल ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी आधी दोन शब्द. बकऱ्याचं कातडं बाभळीच्या सालीत कमावून त्याची पाण्याची पिशवी शिवतात, तिला छागल म्हणतात. सावलीत, वाऱ्यावर टांगली की तिला बाहेरून घाम येतो, थेंब थेंब ठिबकते आणि आतलं पाणी गार होतं. आमच्या गावात हे काम करणारी एक गल्ली आहे, पाच घरांची. गल्लीचा रिवाज असा की शिवणारे सगळे, पण कातडं कापणारा एकच. कापायची रापी ज्याच्या हातात तो उस्ताद. कापच चुकला तर पुढे कितीही बारीक टाका घाला, छागल धड व्हायची नाही. ही रापी तीन पिढ्या मदारभाईंच्या घरात होती.

मदारभाईंच्या आजापासून या छागली हैदराबादेला पत्थरगट्टीवर जात आल्या. दर उन्हाळ्याच्या तोंडाशी तिथला प्रत्येक दुकानदार दुकानाच्या खांबाला नवी छागल टांगतो, आल्यागेल्याला पाणी पाजतो, असं मदारभाईंनी ऐकलं होतं. गाडीवान माल नेत, गाडीवानच निरोप आणत. मदारभाई स्वतः कधी गेले नव्हते. यंदा माघात तिथल्या अमीनसेठची चिठ्ठी आली. मी सरकारी शाळेत मास्तर, उर्दू-मराठी दोन्ही येतं, म्हणून गल्लीची सगळी चिठ्ठीचपाटी माझ्याकडे असते. सेठने लिहिलं होतं की आता दुकान नव्या दगडी ओळीत आलं आहे, खाली घोटीव फरशी आहे, छागल ठिबकते, गिऱ्हाइकं घसरतात. न ठिबकणारी करता येत असेल तर नमुना घेऊन या. मला पसंत पडली तर सगळी ओळ घेईल, नाहीतर यंदा राहू द्या.

मी चिठ्ठी वाचली आणि तिथेच शहाणपण शिकवलं. म्हटलं, "आतून राळ आणि मेण फासा. थेंब गळणार नाही."

मदारभाईंचा चुलतभाऊ लालभाई शेजारीच टाके घालत होता. तो म्हणाला, "मास्तर, घाम न्हाई आला तर पानी गार कसं व्हायचं?"

मदारभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "सेठला काय नको आहे ते त्याने लिहिलंय. गिऱ्हाईक मागेल ते द्यावं. दगडाच्या कमानीत सावली आहे, पाणी आपसूक गार राहील."

आता सांगायला हरकत नाही, मी जन्मात कधी छागलीतलं पाणी प्यालो नव्हतो. आमच्या सोवळ्याच्या घरात चामड्यातलं पाणी चालत नसे. ज्याची चव माहीत नाही त्याच्याबद्दल मी तीन पिढ्यांच्या कारागिराला सल्ला देत होतो, आणि मला त्यात काही चुकल्यासारखंही वाटलं नाही. शिकलेल्या माणसाला हा रोग असतोच.

लालभाई चिडला. "माल परत आला तर?"

"तर रापी तुज्या हातात देतो," मदारभाई म्हणाले. "मास्तर वाचून सांगायलेत, ते काय खोटं हाय?"

गोदावरीपर्यंत

बारा छागली झाल्या. गहिऱ्या तांबूस, गळ्याशी पितळी कडी, टाका असा की नखाने शोधावा. बीडला आगगाडी नाही. जालन्यापर्यंत बैलगाडी, पुढे रेल्वे. मला रजा मिळाली आणि राजधानी पाहायची हौस होतीच, म्हणून उस्तादाचा वाटाड्या झालो. होळी होऊन गेली होती. गेवराईपर्यंत दोन्ही बाजूंना रिकामी काळी रानं, कुठे कडब्याची गंज, कुठे एखादं निंबाचं झाड. पहिल्या दिवशी आम्ही फार बोललो नाही. माझ्याजवळ दशम्या होत्या, त्यांच्याजवळ बाजरीची भाकरी आणि लसणाचा ठेचा. ठेचा मी मागून घेतला, पाणी मात्र माझ्या तांब्यातलंच प्यालो.

शहागडला गोदावरीत गाडीचं चाक वाळूत रुतलं. आम्ही उतरून ढकलू लागलो. मदारभाईंनी आधी छागलींचं गाठोडं उचलून डोक्यावर घेतलं, कारण राळ अजून कच्ची होती आणि ऊनपाणी लागलं असतं तर तडकली असती. कमरेएवढ्या पाण्यात पाण्याच्या पिशव्या पाण्यापासून वाचवत निघालेला माणूस पाहून नावाडी हसायला लागला. मदारभाईही हसले. माझा एक जोडा त्या वाळूत गेला तो गेलाच. जालन्याला पोहोचेपर्यंत मी एका पायात जोडा आणि एका पायाला फडकं, अशा थाटात होतो.

गाडीत

रेल्वेचं वर्णन सगळेच करतात, मी करत नाही. एवढंच सांगतो की मदारभाईंनी स्वतःची जुनी, घाम येणारी छागल खिडकीबाहेर टांगली होती. परभणीच्या पुढे उन्हाने डबा भट्टीसारखा तापला तेव्हा अर्धा डबा त्यांच्याकडे पाणी मागायला आला. एका म्हातारीने ओंजळ पुढे केली, प्याली आणि म्हणाली, "बाबा, हे तर गारीचं पानी हाय." मदारभाई सगळ्यांना पाजत राहिले. माझा तांब्या एव्हाना अंघोळीच्या पाण्याइतका कोमट झाला होता. तेव्हाच डोक्यात उजेड पडायला हवा होता. मी मनातल्या मनात प्रवासवर्णनाची वाक्यं जुळवत बसलो होतो.

पत्थरगट्टी

सिकंदराबादेहून टांग्याने शहरात आलो. मूसा नदीचा पूल ओलांडला की रस्ता सरळ चार कमान नावाच्या चौकाकडे आणि तिथून चारमिनाराकडे जातो. हीच पत्थरगट्टी. निजाम सरकारच्या साऱ्या मुलखातला पैसेवाला माणूस लग्नाचा बस्ता बांधायला इथे येतो. डाव्या हाताला दगडी कमानींची नवीकोरी ओळ, एकीसारखी एक, वर मजला, खाली सावलीचा ओटा, काचेची कपाटं. उजव्या हाताला जुनी पत्थरगट्टी अजून उभी होती. लाकडी खांब, कौलांची छपरं, दुकानांच्या फळ्या, मधूनमधून पडलेल्या घरांचे ढिगारे. धूळ इतकी की अत्तराच्या दुकानापाशीही आधी चुन्याचा वास यायचा.

आमच्या बीडच्या बाजारात तिसरं ठाण उलगडलं की दुकानदार विचारतो, कोणाचे कोण तुम्ही. चौथ्याला म्हणतो, घ्यायचं आहे ना? इथे दुकानदार उठून आदाब करतो, वीस ठाणं उलगडतो, काहीच न घेता उठलात तरी हसून निरोप देतो. पहिल्या दिवशी मला हे फार सभ्य वाटलं. दुसऱ्या दिवशी वाटलं, त्याला आपलं नावही नको आहे.

मदारभाई मात्र खांब बघत चालले होते. डावीकडच्या दगडी कमानींना खांबच असे होते की टांगायला कुठे जागा नाही. उजवीकडच्या जुन्या खांबांना लोखंडी आकडे होते, रिकामे. सगळे मिळून असे किती आकडे आम्ही ओलांडले कोण जाणे. शेवटी एका भांड्यांच्या दुकानाशी ते थबकले.

तिथे एक जुनाट, काळीभोर छागल टांगलेली होती. खालच्या मातीत कुणीतरी पुदिना लावला होता आणि तो ठिबकणाऱ्या पाण्यावर तरारला होता. मदारभाईंनी छागलीच्या खांद्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "हा बाचा काप हाय. मान अशी तिरकी तेच कापायचे."

दुकानदार म्हातारा होता. बोलण्यावरून कळलं की मूळचा घाटनांदूरचा, वीस-पंचवीस वर्षांपासून इथे. बीडची माणसं म्हटल्यावर त्याने फळीवर बसवलं. त्याला आम्ही नांदूरकर म्हणू लागलो. त्या रस्त्याची जी काही हकिकत मला माहीत आहे ती त्याच्या तोंडची.

"मी आलतो तवा हितं दोन पालख्या सामोऱ्या आल्या की एकीला मागं सरावं लागायचं," तो म्हणाला. "हत्ती आला की आमी फळ्या उचलून आत घ्यायचो. आन हर खांबाला छागल. रिवाजच होता. ज्याच्या दुकानाचं पानी प्यालं त्याच्याकडूनच घ्यावं असं न्हाई. पानी प्या, वाटंला लागा. कोन कुठला, कोन जातीचा, पुसायचं न्हाई."

मी पुराचं विचारलं. मूसेच्या पुराची गोष्ट आमच्याकडे अजून सांगतात.

"पूर आला तवा नदीकडची मानसं ह्या फळ्यांवर येऊन बसली," नांदूरकर म्हणाला. "वली, थरथर कापायलेली. पानी समदीकडं, पन प्यायला थेंब न्हाई, समदा गाळ. ह्या छागली व्हत्या म्हून दोन दिस भागलं. एक बाई हितं, तुमी बसलात तितंच, पोराला घिऊन बसली व्हती. पोरगं गेलेलं व्हतं. ती त्येच्या तोंडात पानी घालायली. आमी कोनीच तिला सांगितलं न्हाई."

आम्ही दोघे त्या फळीवरून नकळत जरा सरकलो. पुरानंतर, तो म्हणाला, रस्ता रुंद करायचं ठरलं. साखळ्या घेऊन मोजणारे आले, भिंतींवर चुन्याच्या फुल्या मारून गेले. फुली म्हणजे पाडायचं. त्याच्या दुकानावरही फुली होती. पावसाळा झाला की त्याची पाळी. गावाकडे जाणार का विचारलं तर म्हणाला, "गावाकडं आता मला वळखनारं कोन हाय?" मग उठून त्याने मदारभाईंना त्यांच्या बापाच्या छागलीतलं पाणी दिलं. ते प्याले. माझ्याकडे त्यांनी एकदाच पाहिलं. मी त्या वेळी पुदिन्याकडे बघत होतो.

अमीनसेठचं दुकान

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सेठकडे गेलो. शेरवानीच्या कापडाचं मोठं दुकान, पायाखाली आरशासारखी फरशी. सेठ पन्नाशीचा, मऊ बोलणारा. त्याने बारा छागली एकेक करून हातात घेतल्या, टाका पाहिला, कडी वाजवून पाहिली. "वाह, उस्ताद," म्हणाला. एक भरायला लावली. टांगायला आकडा नव्हता म्हणून गडी शिडी घेऊन आला आणि कमानीतल्या कंदिलाच्या कडीला ती बांधली. शेजारपाजारचे चारपाच दुकानदार येऊन उभे राहिले. घटकाभर झाली तरी फरशीवर थेंब पडला नाही. सेठ खूश झाला. मीही. मी मदारभाईंच्या पाठीवर थाप मारली, तेव्हा त्यांची पाठ घामाने भिजलेली होती.

"दोपहर को पियेंगे," सेठ म्हणाला.

ती दुपार मी विसरणार नाही. आम्ही दुकानाच्या ओट्यावर बसून होतो. रस्त्यावर ऊन मावत नव्हतं. समोरच्या ढिगाऱ्यावर बायका घमेल्यांतून माती वाहत होत्या. एक बर्फवाला भुशाने भरलेलं पोतं घेऊन आला आणि दोन दुकानं सोडून एका काचवाल्याच्या डब्यात बर्फाचा तुकडा टाकून गेला. मदारभाईंनी बर्फ पहिल्यांदाच पाहिला. जेवायला मी उठलो नाही आणि तेही उठले नाहीत.

दुपारच्या नमाजानंतर सेठने वाटी भरून घेतली. एक घोट घेतला, थांबला, उरलेलं पाणी वाटीतच राहू दिलं. मग वाटी शेजाऱ्याकडे दिली. त्याने ओठ लावले आणि वाटी खाली ठेवली. मी पुढे झालो आणि ती वाटी उचलून प्यालो. उभ्या जन्मात छागलीचं पाणी प्यालो ते तेव्हा. कोमट होतं आणि राळेचा वास जिभेला चिकटला.

सेठ रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "उस्ताद, टपकता बोलके मैं लिखा था. ठंडा नक्को, ऐसा कब लिखा? पुरानीच लाते तो नीचे एक परात रख लेते थे."

मी म्हणायला पाहिजे होतं की सेठ, हा सल्ला माझा. माझ्या तोंडून निघालं ते असं, "सेठ, दुसऱ्या करून आणतो." सेठने मान हलवली. उन्हाळा दाराशी आला होता आणि बीडला जाऊन यायला पंधरा दिवस. शेजारचे दुकानदार त्याच्याकडे बघून ठरवणार होते आणि त्यांनी आपापसात बर्फवाल्याचं बोलायला सुरुवातही केली होती. सेठने आम्हाला सरबत पाजलं, त्यात बर्फाचे खडे होते. मदारभाईंनी एक खडा तोंडातून काढून तळहातावर ठेवला आणि तो विरघळेपर्यंत बघत राहिले.

"मास्तर, आमी कितीबी केलं तरी एवढं गार न्हाई व्हायचं," ते बाहेर आल्यावर म्हणाले. मला वाटतं, माझ्यासाठी म्हणाले.

नंतरचे दोन दिवस आम्ही नुसतेच त्या रस्त्यावर फिरलो. मोत्यांची दुकानं, रुमी टोप्यांची दुकानं, संध्याकाळी कमानींतून लागणारे दिवे, हे सगळं मी पाहिलं आणि मला कशातच रस वाटला नाही. खानावळीत चिंचेची आंबट आमटी वाढली, ती निम्मी टाकली. एकदा नांदूरकर म्हणाला, त्या छागली माझ्याकडे ठेवून जा, कुणीतरी नेईल. मदारभाईंनी साफ नकार दिला. "मपला काप हाय त्येच्यात. असा माल ह्या रस्त्यावर ऱ्हायला न्हाई पाह्यजे." बाराच्या बारा गाठोड्यात बांधल्या. गाडीत ते गाठोडं त्यांनी मांडीवरच ठेवलं होतं.

बीड

परतीच्या वाटेवर मी मनाशी ठरवत होतो. गल्लीत पाऊल ठेवल्याबरोबर सांगायचं की राळ मी सुचवली, उस्तादाचा दोष नाही. गेवराईच्या मुक्कामात वाक्यंही जुळवली. मदारभाईंना म्हणालोसुद्धा, "मी लालभाईशी बोलतो." ते म्हणाले, "बघू."

गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबली तेव्हा पाचही घरांची माणसं बाहेर होती. गाठोडं पाहूनच सगळ्यांना कळलं. बारा छागली बारा लेकरांसारख्या ओळीने ओट्यावर मांडल्या. लालभाईने एक उचलली, आत बोट घातलं, वास घेतला.

"राळ कोनी सांगितली व्हती?" त्याने विचारलं. त्याला चांगलं ठाऊक होतं. त्याच्यासमोरच तर सगळं झालं होतं. तो माझ्याकडे बघत होता, माझ्या तोंडून निघायची वाट बघत.

मी तोंड उघडलं. भोवती गल्लीबाहेरचेही काही जण जमले होते, त्यांत माझ्या दोन विद्यार्थ्यांचे बाप उभे होते. शाळेतला मास्तर, चिठ्ठ्या वाचणारा, सगळ्यांना सल्ला देणारा. तेवढ्यात मदारभाई म्हणाले, "उस्ताद कोन हाय? मी. कापायची मी, फासायची मी. मास्तर नुसतं वाचनार. मला कळाया पाह्यजे व्हतं."

आणि घरात जाऊन त्यांनी रापी आणली. मूठ पुढे करून लालभाईच्या हातात दिली. लालभाईला ती अशी घ्यायची नसावी, कारण तो घेताना मागे सरकला. पण रिवाज तो रिवाज. गल्ली उठून आपापल्या घरात गेली. मी नवे जोडे सांभाळत घरी आलो. रात्री जेवलो, झोपलोसुद्धा.

आता मदारभाई ओट्याच्या टोकाला बसून गळ्याच्या कड्या शिवतात. तीन पिढ्यांत त्यांच्या घरातलं कुणी तिथे बसलं नव्हतं. गावात म्हणतात, उस्तादाचा हात गेला, म्हातारपणी राळ लावायला निघाला. मी ऐकतो आणि पुढे जातो. मी गेलो की ते अजूनही सरकून जागा करतात, "बसा मास्तर" म्हणतात, आणि पान पुढे करतात. एकदाही त्यांनी तो विषय काढलेला नाही.

परवा त्यांच्या कानावर गेलं की मी प्रवासाचं लिहितो आहे. त्यांना मनापासून आनंद झाला. म्हणाले, "आमचं नाव हाय का त्यात?" मी हो म्हणालो. "मग अंक आला की एक दिस गल्लीत या. समद्यांना वाचून दावा. लालभाईबी ऐकंल."

त्या गल्लीत अक्षर ओळखणारं दुसरं कुणी नाही. मी येतो म्हणालो आहे. पण वाचायला बसल्यावर ही पानं त्यांच्यापुढे वाचीन की नुसत्याच कमानी आणि मोती वाचून अंक मिटीन, हे मला स्वतःलाही माहीत नाही.